तिसरा टोला

आमच्या घरात कुणी कुणाला तोंडावर चांगलं म्हणत नसे. घर खडूस होतं असं नाही. आईच्या मते तोंडावर केलेल्या कौतुकाची दृष्ट लागते, आणि घरच्यांची सगळ्यांत आधी लागते. म्हणून जे चांगलं होईल त्यात एक खोट काढायची, बारीकशी, बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका लावतात तशी. सांबार झकास झालं की वडील दुसऱ्यांदा वाढून घेत आणि म्हणत, "मीठ थोडं कमी." धाकटा भाऊ वर्गात पहिला आला तेव्हा आई म्हणाली, "अक्षर मात्र वाकडं." मी पहिल्यांदा साडी नेसले तेव्हा ती माझ्याभोवती फिरून बघत राहिली, डोळे भरून आले तिचे, आणि म्हणाली, "निऱ्या एका बोटाने वर गेल्यात." आम्हा भावंडांना हे न सांगता कळत असे. उलट आईने कशाला नावं ठेवली नाहीत की आमच्या पोटात गोळा येई. एकदा माझ्या हातून भात करपला, तर ती शांतपणे म्हणाली, "बरं झालंय ग." मी मुकाट्याने पातेलं घासायला घेतलं.

तंजावरातल्या सगळ्याच मराठी घरांत असं होतं की आमच्यातच, मला ठाऊक नाही. आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत, आणि प्रत्येक घराने आपापली खोड जपून ठेवली आहे. मी हे देवनागरीत लिहू शकते ही वडिलांची मेहरबानी. भावाला ती वाचता येत नाही, तेव्हा त्याच्याबद्दल लिहायला मी मोकळी आहे.

पुढे माझा धंदाही खोट काढण्याचाच झाला. राजवाड्यामागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत, मी टायपिंग इन्स्टिट्यूट चालवत असे. आठ मशिनं, पाच इंग्रजी आणि तीन तमिळ. सकाळी सहापासून खडखडाट. लोअर आणि हायरच्या परीक्षेला बसणारी मुलंमुली कागद आणून टेबलावर ठेवत, आणि मी लाल पेन्सिलीने चुकलेल्या अक्षराभोवती गोल काढत असे. बरोबर अक्षराभोवती कुणी गोल काढत नाही. वीस वर्षं मी हेच केलं, आणि त्यात मी पटाईत होते. लग्न केलं नाही. त्याची कारणं सांगण्याजोगी नाहीत आणि मजेदारही नाहीत.

भाऊ तिरुवैयारूला राहत असे, बसने अर्ध्या-पाऊण तासावर, कावेरीच्या काठच्या एका लहान घरात. वडील गेल्यापासून आईही त्याच्याकडेच. त्याने लग्न केलं ते एका तमिळ मुलीशी, आमच्या जातीबाहेर. आईने पंधरा दिवस तोंड फिरवलं आणि मग सुनेला स्वयंपाकघर दाखवलं. मी मात्र तोंड फिरवलं नाही आणि तिच्याकडे वळवलंही नाही. दर रविवारी जाऊन जेवून येत असे, एवढंच.

लग्नाला वर्ष होतं न होतं तोच आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. तेव्हापासून भावजयच आईचे हातपाय झाली. आंघोळ, वेणी, औषधं, अंथरुणातलं सगळं. आणि मी? मी रविवारी अकराच्या बसने जायची आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे खोट काढायची. "वेणी जरा सैल झालीय." "चादर एका बाजूला लोंबतेय." "रसमला मीठ कमी." आईही खाटेवरून अर्ध्या तोंडाने साथ द्यायची, "मीठ... कमी."

एक गोष्ट कबूल करते, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षी त्या खोटा काजळाच्या ठिपक्याच्याच होत्या. नंतर नाही राहिल्या. एका रविवारी मी खोलीत शिरले तेव्हा भावजय आईला घास भरवत होती, आणि आई तिच्याकडे बघून हसत होती. अर्ध्याच चेहऱ्याने, पण असं हसणं मी तिच्या पुऱ्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. चाळिशी ओलांडलेली, शंभर पोरांना शिस्त लावणारी बाई, आणि आईच्या हसण्यावरून जळत होते. त्या दिवशी मी तीन खोटा काढल्या.

रसमही हळूहळू बिघडत गेलं. दर रविवारी जास्त खारट. मला वाटे, ही मुद्दाम करते. मीही हट्टी, पुरतं पिऊन वर म्हणायची, "मीठ थोडं कमीच." ते नुसतं सवयीने निघत होतं.

माझ्या शेजारी एक म्हातारी एकटी राहत असे. गल्लीत सगळे तिला रंगूनपाट्टी म्हणत. पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी. वडील तमिळ व्यापारी, आई बर्मी. एकोणीसशे साठच्या दशकात बर्मातून हाकललेल्या लोकांबरोबर ती बोटीने मद्रासला उतरली, आणि नवऱ्याच्या मागोमाग तंजावरात आली. तिच्या फळीवर मुरुगन, म्हणजे कार्तिकस्वामी, होता, शेजारी पांढऱ्या दगडाचा हातभर बुद्ध होता, आणि दोघांना एकच उदबत्ती. दाराशी दोरीला टांगलेली एक जाड पितळी चकती होती, मिशांच्या आकाराची. लाकडी दांडक्याने टोला मारला की ती गरगर फिरत वाजे आणि आवाज लहरत राही.

ही चकती ती वेळी-अवेळी वाजवायची. तीन टोले. माझी मुलं स्पीड टेस्ट देत असताना मधेच टणण्‌, आणि सगळ्यांची लय बिघडायची. एकदा मी तणतणत गेले.

"पाट्टी, हे काय चाललंय? कसला सण आहे?"

"सण नाही टीचरम्मा," ती म्हणाली. "नळावरच्या त्या बाईने आज आंधळ्या म्हाताऱ्याची घागर त्याच्या घरी पोचवली. तिच्याकडे वाजवायला काही नाही, म्हणून मी वाजवली."

मग तिने सांगितलं. तिच्या आईच्या गावी कुणी काही चांगलं केलं की तो माणूस घंटेवर तीन टोले मारतो. ज्याच्या ज्याच्या कानावर ते पडतील त्याने असेल तिथून म्हणायचं, साधु, साधु, साधु, म्हणजे फार छान केलंस. मनापासून म्हटलं तर त्या पुण्यात त्याचाही वाटा. करणाऱ्याचं काही कमी होत नाही.

"म्हणजे फुकटचं पुण्य," मी म्हटलं.

"फुकटचं आहे तर मग घे की," म्हातारी म्हणाली. "त्या बाईने घागर उचलली, तुला नुसतं तोंड उघडायचंय. उघड बघू."

मी उघडलं नाही. नाक मुरडून परत आले. पण ते बोलणं डोक्यात बसलं, कारण ते खरं होतं. नळावरच्या त्या बाईला मी रोज बघत होते. तिचं लुगडं मळकट असतं हे मला ठाऊक होतं, ती नळावर भांडते हे ठाऊक होतं. घागर मी पाहिली नव्हती. चुकलेलं अक्षर मला दहा हातांवरून दिसे, बरोबर अक्षर नाकासमोर असून दिसत नसे.

मला एखादी गोष्ट येत नाही हे मला सहन होत नाही. स्पीड येत नव्हता तेव्हा मी रोज पहाटे तासभर बोटं घासली होती. हेही तसंच घासायचं असं ठरवलं. बुद्ध, पुण्य, मोक्ष, यातलं मला तेव्हा काही कळत नव्हतं. बौद्ध लोक याला अनुमोदन म्हणतात, आणि दुसऱ्याच्या भल्याने मनाला होणाऱ्या आनंदाला मुदिता, हे फार उशिरा समजलं. मला एवढंच कळलं होतं की ही एक सवय आहे, आणि सवय लावून घेता येते. रोज संध्याकाळी मुलं गेली की मशिनवर एक कागद चढवायचा आणि दुसऱ्या कुणीतरी त्या दिवशी केलेलं एक चांगलं काम टाइप करायचं. खाली तीनदा साधु. माझ्याकडे मराठी मशिन नव्हतं, म्हणून माझं अनुमोदन तमिळमध्ये झालं.

पहिले चार दिवस मशिनसमोर नुसती बसून राहिले. पाचव्या दिवशी बसच्या कंडक्टरने एका गरोदर बाईसाठी बस थांबवून धरली ते आठवलं. मग सापडायला लागलं. औषधाच्या दुकानातला माणूस म्हाताऱ्यांना गोळ्या अर्ध्या करून देत असे. माझ्याच वर्गातली एक मुलगी शेजारच्या मशिनची रिबन रोज गुपचूप बसवून देत होती, आणि ते मशिन तिचं नव्हतंसुद्धा. कागदांचा गठ्ठा खणात वाढत गेला, आणि खरं सांगते, मला बरं वाटायला लागलं. रस्त्याने जाताना मान वर करून जायला लागले.

दोन महिन्यांनी एकदा गठ्ठा चाळला. दूधवाला होता, पोस्टमन होता, ज्याच्याशी मी दहा वर्षं बोलत नव्हते तो समोरचा वकीलही होता. भावजय नव्हती. एकाही कागदावर नव्हती. मी त्याच संध्याकाळी कागद चढवला, टाइप केलं, "माझ्या भावाच्या बायकोने", आणि बोटं थांबली. मिनिटाला पन्नास शब्द मारणारी बोटं ती. पुढचा शब्द काही केल्या उमटेना. त्या कागदाची मी गोळी केली आणि फेकून दिली.

त्याच सुमारास भावाला होसूरला, पार बंगळूरजवळ, इंजिनिअरची नोकरी लागली. तिथे नवे कारखाने निघत होते, मोटारींचे सुटे भाग करणारे. पगार इथल्या दुप्पट. आईला एवढ्या लांब हलवू नका असं डॉक्टर म्हणाले, आणि भाऊ चुळबुळ करायला लागला. तेव्हा भावजयच म्हणाली, "तुम्ही जा. मी अत्तैंजवळ राहते." अत्तै म्हणजे सासूबाई. लग्नाला उणीपुरी चार-पाच वर्षं झालेली, पंचविशीतली बाई. नवऱ्याला पाठवून ती त्या घरात अर्धांगाच्या सासूपाशी एकटी राहिली. महिन्यातून एकदा भाऊ यायचा आणि दोन दिवसांनी जायचा. नातेवाईक म्हणायचे, "मुलगा काय गुणाचा हो, आईसाठी कुठे जाऊन राबतोय!" मीही त्यांत मान डोलवायची. असं वर्ष गेलं, दुसरंही निम्मं गेलं. तिने आईशी बोलता यावं म्हणून आमची मराठी शिकून घेतली, आईच्याच अर्ध्या तोंडातून. आईसारखीच ती 'कोठे' म्हणायची, 'आतां' म्हणायची. मी तिचे उच्चार दुरुस्त करायची.

मी मात्र मशिनवर हरायला तयार नव्हते. रोज एक कागद तिच्यासाठी चढवायचा, जेवढं येईल तेवढं टाइप करायचं, असं केलं. तीन शब्द, चार शब्द. शेवटी एका संध्याकाळी सगळं एका दमात उतरलं. तिने काय काय केलं ते, आणि मला कशाची जळण होती तेही. खाली तीनदा साधु. डोळे पुसले आणि शर्यत जिंकल्यासारखी पाट्टीकडे गेले.

तिने कागद बघितला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवला.

"छान," ती म्हणाली. "तिने ऐकलं?"

"कुणी?"

"हे जिने केलं तिने. का तू घंटा कापसात गुंडाळून वाजवतेस?"

मला राग आला, आणि तो रास्त नव्हता म्हणून जास्तच आला. पण रविवारी मी तो कागद पर्समध्ये घालून निघाले. बस एकेक नदीचा पूल ओलांडत होती आणि मी वाक्य घोकत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी तोंडावर चांगलं म्हणायचं होतं.

जेवण झालं. रसम नेहमीसारखं खारट. मी घसा खाकरला, तेवढ्यात भावजयच म्हणाली, "अक्का, एक सांगायचं होतं. मी पुढच्या महिन्यात होसूरला जाते."

पर्सकडे गेलेला हात मी मागे घेतला.

"माझ्याच्याने इथे काहीच नीट होत नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच मला जास्त लागलं. "पाच वर्षं झाली. वेणी घातली तर सैल, चादर घातली तर वाकडी. तुम्ही दर आठवड्याला सांगता, अत्तैही सांगतात. चुकीचं कसं सांगाल? तुमच्यासाठी मीठ वाढवत वाढवत गेले, तरी कमीच. आतां मूठभर घालते, अक्का. अत्तैंचं मी वेगळं काढते, त्यांना डॉक्टरांनी मीठ नको म्हटलंय. एवढं करूनही मला जमलं नाही. तुम्ही लेक आहात, तुम्हाला जमेल."

मी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. ती मुद्दाम करत नव्हती. पाच वर्षं ती आमच्या खोटा खऱ्या धरून एकेक सुधारत होती. आमच्या घरची ही रीत तिला कुणी सांगितलीच नव्हती. आईने नाही, भावाने नाही, मी नाही. सांगायची असते हेच आम्हाला कधी सुचलं नाही.

कागद पर्समध्ये होता. त्या क्षणी काढून वाचला असता तर तिने काय समजावं? जाते म्हटल्याबरोबर हिला माझे गुण दिसले! तो कागद राहिला नसता, तिला बांधणारा दोर झाला असता. आणि खरं तर माझ्या मनातही तेच होतं: हिला थांबवावं, नाहीतर आई माझ्या गळ्यात पडेल. हे मनात असताना तोंडातून साधु काढायचा नाही, असं मी तिथेच ठरवलं. "बरं," एवढंच म्हटलं आणि परतीची बस धरली.

घरी पोचेपर्यंत पुढचं ठरलं होतं. आधी आईला घेऊन यायचं. सगळी तयारी झाली, तिचं जाणं नक्की झालं, मला तिच्याकडून काही नको झालं, की मग बोलायचं. त्याआधी एक शब्द नाही.

जागेची अडचण नव्हती. गल्लीच्या तोंडाशी एअरकंडिशन लावलेलं कॉम्प्युटर सेंटर निघालं होतं, आणि माझी निम्मी पोरं तिकडे वळली होती. तीन मशिनं धूळ खात पडली होती. ती मी भिंतीशी रचली आणि तिथे खाट मांडली. आईला आत आणताना ठेच लागू नये म्हणून उंबऱ्यावर सुताराकडून उतरती फळी बसवून घेतली. सकाळची बॅच सोडून बाकीच्या बंद केल्या. भावाला पत्र टाकलं की आई आता माझ्याकडे येतेय, आणि यात चर्चा नाही.

मग तीन आठवडे मी रोज दुपारी तिरुवैयारूला जाऊन भावजयीकडून शिकले. आईला कुशीवर कसं वळवायचं, एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली, आणि वळवण्याआधी तिला सांगायचं, नाहीतर ती घाबरते. पाठीला पावडर कुठे लावायची. नाचणीची कांजी किती पातळ. खिडकीच्या गजाला तिने जुन्या साडीची पट्टी बांधली होती, ती डाव्या हाताने ओढून आई स्वतः उठून बसू शकत असे. वेणी ती सैल घालायची, कारण घट्ट घातली तर उशीवर आईचं डोकं दुखायचं. वेणी सैल आहे असं मी किती रविवार म्हटलं होतं, ते आठवून माझे कान तापले. माझ्या हातून कांजी सांडली, आई एकदा खाटेवरून घसरता घसरता राहिली. भावजय नुसतं म्हणायची, "होईल अक्का, परत करा." माझ्या चुकांभोवती ती गोल काढत नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी मी पाट्टीची चकती मागून घेतली आणि टॉवेलात गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेतली. बस खड्ड्यात आदळली की टॉवेलातून गुणगुण ऐकू यायची. कंडक्टर म्हणाला, "टीचर, कोणतं देऊळ?" मी म्हटलं, "भावाचं घर."

दाराशी आईसाठी ठरवलेली अँबॅसडर उभी होती. भावजयीची ट्रंक बांधलेली, भाऊ तिला न्यायला आलेला. मी सगळ्यांना आईच्या खाटेपाशी बसवलं आणि उभं राहून बोलले, बसून धीर झाला नसता. आधी रीत सांगितली. आमच्या घरात खोट का काढतात, मीठ कमी म्हणजे काय, आई तुला पाच वर्षं काय सांगत होती. मग कागद काढून वाचला. जळणीची ओळही वाचली. एकही शब्द न गाळता शेवटपर्यंत वाचला.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती भडकली.

"पाच वर्षं?" ती उठून उभी राहिली. "पाच वर्षं मी रात्री पडल्या पडल्या विचार करायची की उद्या काय सुधारू! आणि तुम्ही सगळे..." ती भावाकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

भाऊ म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत आहे." एवढा मोठा इंजिनिअर, पण त्या वेळी अगदी बावळट दिसला.

"आणि मीठ?" तिने मला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून बरोबर होतं," मी म्हटलं. "मी बिघडवायला लावलं."

खाटेवरून आईचा आवाज आला. तिला शब्द गोळा करायला वेळ लागे, आम्ही थांबलो. "बरोबर," आई म्हणाली. "सगळं... बरोबर." जन्मात पहिल्यांदा तिने खोट काढली नाही, आणि या खेपेला पोटात गोळा आला नाही. भावजय खाटेपाशी बसली आणि आईच्या डाव्या हातावर कपाळ टेकून रडली. मीही रडले. भाऊ बाहेर जाऊन ड्रायव्हरशी बोलत बसला.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. "मग मी राहू का, अक्का?"

मला हो म्हणायचं होतं. केवढं म्हणायचं होतं! त्या तीन आठवड्यांत माझी पाठ मोडली होती, आणि हिचे हात किती सराईत आहेत ते मला आता कळलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "तू जा. हे मी तुला थांबवायला नाही बोलले. खाट मांडून झालीय, बॅच बंद केल्यात. आईला मी नेतेय. तू केलंस ते केलंस, ते फक्त तुझ्या कानावर पडायला हवं होतं."

चकती दाराच्या कडीला टांगली आणि लाकडी दांडका तिच्या हातात दिला. ती लाजली, नको नको म्हणाली, मी ऐकलं नाही. तिने पहिला टोला मारला, चकती गरगरली, मी मोठ्याने म्हटलं, "साधु!" दुसरा मारला, "साधु!" इकडे मयतालाही अशी घंटा वाजते, त्यामुळे शेजारच्या बायका कोण गेलं म्हणून धावत आल्या. तिसऱ्या वेळी तिला पुन्हा रडू आलं आणि टोला निसटता लागला. आवाज जेमतेम आला. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, तिसरा जरा हळू पडला. मी जीभ चावली आणि म्हटलं, "साधु!"

ते होसूरला गेले, मी आईला घेऊन तंजावरला आले. पुढचं सोपं नव्हतं आणि ते सोपं होतं असं मी दाखवणार नाही. पहिल्या महिन्यात मी आईवर दोनदा ओरडले आणि दोनदा तिची क्षमा मागितली. सकाळच्या बॅचच्या मुली आईला "पाट्टी, वणक्कम" असा नमस्कार करून मशिनपाशी बसत, आणि आई त्यांच्या बोटांकडे टक लावून बघत असे. खिडकीला साडीची पट्टी मीही बांधली. वेणी सैल घालते. रंगूनपाट्टी संध्याकाळी येऊन आईपाशी बसते. एक मराठीत अडखळत बोलते, दुसरी तमिळमध्ये, आणि दोघींना सगळं कळतं.

आईच्या डाव्या हाताला मी घासाची सवय लावायला घेतली. रोज, स्पीड प्रॅक्टिससारखी. आधी रिकामा चमचा, मग लाह्या, मग दहीभात. अर्धा भात अंगावर. पाच महिने हेच केलं. एका दुपारी आईने ताटलीतला सगळा दहीभात स्वतःच्या हाताने खाल्ला, शेवटचं शीतसुद्धा टिपलं, आणि माझ्याकडे बघून अर्ध्या चेहऱ्याने हसली. माझ्याकडे बघून.

त्या रविवारी भावजयीचा फोन आला. ती दर रविवारी जेवणानंतर एसटीडी बूथवरून करते, मागे लोक घाई करत असतात. मी तिला दहीभाताचं सांगितलं.

"अक्का, चकती कोठे आहे?" तिने विचारलं.

"शेजारी, पाट्टीकडे."

"आणा. मी थांबते."

"बूथचं मीटर पळतंय ग!"

"पळू दे. आणा."

मी आणली. माझ्या डाव्या हातात रिसीव्हर, चकतीची दोरी आईने तिच्या डाव्या हातात धरलेली, आणि मी टोला मारला. स्वतःसाठी वाजवायची लाज वाटत होती, तरी मारला. होसूरच्या त्या बूथमधून, मागे लोक खोळंबलेले असताना, ती मोठ्याने म्हणाली, "साधु!" दुसरा मारला, "साधु!" तिसरा टोला माझ्याही हातून निसटता लागला.

"साधु!" ती म्हणाली. मग थोडं थांबून आमच्या मराठीत, आईच्या सुरात म्हणाली, "तिसरा मात्र जरा हळू पडला, अक्का."